बिनभांडवली घरव्यापाराचे गणित

पदरी पैसा नाही, बाजारात पत नाही, तरी घरांच्या व्यापारात शिरता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेत अनेक तरुण विचारीत असतात. त्यांना हवे तसे उत्तर देणारे शिकवणीवर्गही तेथे उदंड आहेत. या उद्योगाला ‘होलसेलिंग’ म्हणतात. नाव घाऊक व्यापाराचे असले तरी घाऊक असे त्यात काहीच नाही. व्यवहार एकेका घराचाच असतो, आणि विकले जाते तेही घर नव्हे, तर घर विकत घेण्याचा करार.

समजा, अडचणीत सापडलेल्या एखाद्या वृद्ध घरमालकाशी या नवशिक्याने एक लाख डॉलरना घर घेण्याचा करार केला. विसार म्हणून शे-पाचशे डॉलर दिले, आणि पाहणीअंती घर पसंत न पडल्यास करारातून मोकळे होण्याचे कलम घालून घेतले. आता मुदतीच्या आत रोखीने खरेदी करणारा गुंतवणूकदार गाठावयाचा. त्याचे त्रैराशिक ठरलेले असते. दुरुस्तीनंतर घराला दोन लाख येणार असतील तर त्याचे सत्तर टक्के, म्हणजे एक लाख चाळीस हजार धरावयाचे. त्यातून दुरुस्तीचे तीस हजार वजा करावयाचे. उरलेल्या एक लाख दहा हजारांच्या वर जावयाचे नाही. मधले दहा हजार करार हस्तांतरित करणाऱ्याचे. गुंतवणूकदार न मिळाल्यास पाहणीचे कलम पुढे करून अंग काढून घ्यावयाचे. तोवर घरमालकाचे घर अडकून पडलेले असते, हे शिकवणीवर्गात ठळकपणे सांगितले जात नसावे.

हे कायद्यात कसे बसते, हा नवशिक्याचा दुसरा प्रश्न. अमेरिकन कायद्याने इंग्लंडकडून ‘इक्विटी’चे तत्त्व उचलले. त्यानुसार खरेदीचा करार होताच खरेदीदाराचा मालमत्तेत एक प्रकारचा हितसंबंध निर्माण होतो, आणि करारात मनाई नसल्यास तो दुसऱ्यास देता येतो. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४ व्या कलमाने नेमकी ही वाट बंद केली. विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, असे ते कलम स्पष्ट म्हणते. साठेखत आणि खरेदीखत यांत आपल्याकडे जे अंतर आहे ते यामुळेच. मुखत्यारपत्र आणि करार यांच्या जोरावर होणाऱ्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुन्हा बजावले.

अमेरिकेतही करार विकणे वेगळे आणि स्वतःचे नसलेले घर जाहिरात करून विकणे वेगळे. दुसरी गोष्ट दलालीत मोडते व तिला परवाना लागतो. इलिनॉयने २०१९ मध्ये वर्षात एकाहून अधिक असे व्यवहार करणाऱ्यांना परवान्याची अट घातली. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तर साउथ कॅरोलिनाने २०२४ मध्ये या प्रकाराला मनाईच केली. मध्यस्थाने पडीक घराची व रोख पैशाची गाठ घालून दिली तर ती सेवाच होय, असा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या पुस्तकी भाषेत करता येईल. परंतु मालकाला बाजारभाव ठाऊक असता तर हे दहा हजार कोणाच्या खिशात गेले असते?

‘कल्पक’ अर्थपुरवठ्याचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १९८१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील गृहकर्जाचा व्याजदर अठरा टक्क्यांच्याही वर गेला. बँकेकडे जाणे अशक्य झाले, तेव्हा विक्रेत्यानेच खरेदीदाराला कर्ज द्यावयाचे आणि तीन-पाच वर्षांनी सारी बाकी एकरकमी घ्यावयाची, अशी तडजोड निघाली. मुदत भरेपर्यंत व्याज उतरेल, हा सारा भरवसा. दुसरी युक्ती अशी, की विक्रेत्याचे जुने स्वस्त कर्ज तसेच ठेवून खरेदीदाराने हप्ते भरावयाचे. घर विकताच संपूर्ण कर्ज मागण्याचा अधिकार बँका करारात राखून ठेवीत. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने तो अधिकार बजावण्याची मोकळीक त्यांना देशभर मिळाली. २०२१ च्या प्रारंभी तीन टक्क्यांच्याही खाली असलेला दर २०२३ च्या ऑक्टोबरात पावणेआठच्या आसपास पोहोचला, आणि हीच युक्ती नव्याने बाजारात आली. घराची मालकी जाते, कर्ज मात्र विक्रेत्याच्याच नावावर राहते. खरेदीदाराने हप्ता चुकविला की पत बुडते ती विक्रेत्याची.

शिकागोत याची काळी बाजूही दिसली. सरकारी विम्याच्या गृहकर्जापासून दूर ठेवलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना हप्तेबंदीच्या करारावर चढ्या भावाने घरे विकली गेली. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडे. एखादा हप्ता थकला तरी भरलेले सारे गमावून घराबाहेर पडण्याची पाळी. १९६८ मध्ये लॉनडेल भागातील अशा खरेदीदारांनी संघटना उभारून लढा दिला, तेव्हा कोठे काही करारांची फेररचना झाली.

मुंबई-पुण्यात या मंडळींचे भाऊबंद नाहीत असे नव्हे. बांधकामाच्या आरंभीच सदनिका नोंदवून ताब्याआधी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालणारा ‘इन्व्हेस्टर’ सर्वांच्या परिचयाचा आहे. कल्पक अर्थपुरवठ्याची आपली आवृत्ती म्हणजे ‘२०:८०’ योजना. ग्राहकाने वीस टक्के भरावयाचे, उरलेले ऐंशी टक्के बँकेने ग्राहकाच्या नावावर कर्ज टाकून बांधकामाआधीच बिल्डरला द्यावयाचे, आणि ताबा मिळेपर्यंत व्याज बिल्डरने भरावयाचे. पहिली दोन कलमे तत्काळ पार पडतात. तिसरे बिल्डरच्या मर्जीवर आणि दमावर. २०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने कर्जवाटप बांधकामाच्या टप्प्यांशी जोडण्यास बँकांना बजावले. गृहवित्त कंपन्यांना राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने तसा सल्ला दिला तो २०१९ च्या जुलैमध्ये. मधल्या सहा वर्षांत योजना बँकांच्या दारातून निघून या कंपन्यांच्या दारात गेली, तर नवल नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील बिल्डर आणि वित्तसंस्था यांच्या संगनमताची सीबीआय चौकशी करण्याचा आदेश दिला. ज्यांच्या अर्जांवरून तो निघाला, त्या ग्राहकांना घराचा ताबा मिळालेला नव्हता. हप्त्यांचा तगादा मात्र त्यांच्याच मागे लागलेला होता.