गोळ्यांचा डबा आणि मनी

रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झालं आणि महिन्याभरात कोरडा खोकला मागे लागला. साताऱ्याची थंडी बाधली असं समजून मी आल्याचे काढे पीत राहिले. डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा तो थांबला. पण नव्या गोळीने झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आमची मनी नेमकी पहाटे पाचला अंगावर उडी घेऊन दुधासाठी पायांत घोटाळते. म्हणून आधी पलंगाच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचे, मनीला दोन मिनिटं मांडीवर थोपटायचं, मगच उभं राहायचं. खरी भीती वेगळीच आहे. परवा तिने फडताळावरची पॅरासिटामॉलची गोळी पाडली आणि फरशीवर पंजाने खेळवू लागली. सांगलीहून आलेली ताई ओरडली म्हणून मी धावले. मांजराच्या यकृताला हे औषध पचवता येत नाही; रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, श्वास लागतो. एक गोळीही जीव घेऊ शकते. तरी मांजराला ताप आला म्हणून मायेने हीच गोळी देणारी माणसं आहेत. कृपा करून देऊ नका. गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि तुम्हाला स्वतःला औषध बाधलं तर सोसू नका, मनाने बंदही करू नका. डॉक्टरांना सांगा, शिवाय २०१० पासून चालणाऱ्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा.