रेंज फुल, तरी नेट गुल! असं का होतं?

मागच्या खरिपात गावी गेलो होतो, रिसोड तालुक्यात. बाबांना सोयाबीनची ई-पीक पाहणी करून द्यायची होती. फोनवर रेंजच्या चारही दांड्या भरलेल्या, पण अपलोडची चकरी फिरतेय ती फिरतेच आहे. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? कर की मग!"

आता गंमत बघा, त्या दांड्या खोटं बोलत नव्हत्या. त्या फक्त फोन ते टॉवर एवढाच सिग्नल दाखवतात. टॉवरच्या पुढे डेटा जमिनीखालच्या फायबरने किंवा रेडिओ लहरींनी दुसऱ्या टॉवरकडे जातो, आणि त्याची खबर दांड्यांना नसते. त्या दिवशी रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली होती. ग्रामपंचायतीतलं नेटही बंद, लोकांचे दाखले अडकलेले. टॉवरची लाइन कंपनीची, ग्रामपंचायतीची भारतनेटची, पण दोन्ही एकाच रस्त्याकडेला पुरलेल्या.

मग चकरी का फिरते? २ एमबीचा फोटो अखंड जात नाही, त्याचे साधारण १,४०० तुकडे होतात. हीच पॅकेट्स. ती नीट पोहोचली का, हे टीसीपी नावाचा प्रोटोकॉल बघतो. समोरून पोच आली नाही की तो पुन्हा पाठवतो, आणि दर वेळी आधीच्या साधारण दुप्पट थांबतो: १ सेकंद, २, ४, ८... टीसीपी चिवट आहे हो, पण तुटलेली तार तो जोडू शकत नाही. त्याला दुसरा रस्ता लागतो.

खरी अडचण इथेच आहे. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावांकडे फायबर सरळ रेषेत टाकली गेली. मध्ये तुटली, की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात ग्रामपंचायती रिंगने जोडायच्या आहेत. रिंग एका बाजूने तुटली तर राउटर डेटा उलट्या बाजूने वळवतात. माझ्या मते वाशिमसारख्या जिल्ह्याला वाढीव स्पीडपेक्षा याची गरज जास्त आहे.

पण एक मेख आहे. रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून आणल्या, तर एकच जेसीबी दोन्ही तोडणार. त्यामुळे तुमच्या गावात काम आलं, तर ग्रामसभेत एवढंच विचारा: दुसरी बाजू कोणत्या रस्त्याने येतेय?

आमची पाहणी दुसऱ्या दिवशी झाली. त्यासाठी बाबांना शेतात पुन्हा चक्कर मारावी लागली.