विसर्गाची पोस्ट कुणासाठी लिहायची?

कोयना धरणाचा विसर्ग वाढला की पाटण-कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत मोबाइलवर पोस्ट फिरू लागते: दरवाजे इतके फूट उचलले, इतके क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडले, साठा इतका टीएमसी (अब्ज घनफूट). ही पोस्ट सोपी करा म्हटले की एक उत्तर ठरलेले असते, सोपे केले की अचूकपणा जातो. ते मला पटत नाही. ‘दरवाजे सहा फूट उचलले’ हे विधान अचूक आहे, पण त्यातून नदी किती चढेल हे कळत नाही. दरवाजे तेवढेच उघडे असले तरी जलाशयाच्या पातळीप्रमाणे बाहेर पडणारे पाणी कमीजास्त होते. घाबरलेला माणूस मात्र ते सहा फूट नदीलाच लावून बसू शकतो. म्हणून आकडे काढून टाका असे मी म्हणत नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे आकडे बघा. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले. ही भाषा तिथे घरोघरी कळते, कारण प्रत्येक फूट कुठल्या तरी ओळखीच्या गल्लीला जोडलेला आहे. क्युसेकलाही असा आधार देता येतो: 50 हजार क्युसेक दिवसभर चालले, तर 105.25 टीएमसीच्या धरणातून सव्वाचार टीएमसीहून जास्त पाणी खाली येते.

अभियंत्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा येते, मधल्या पट्ट्यात पाऊस पडतच असतो. मग पातळी छातीठोक कशी सांगायची? नकोच सांगायला. पण हेच कारण पोस्टमध्ये दोन ओळींत लिहिता येते. विसर्ग कितीवरून किती झाला, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि पुढची सूचना कधी येणार, हे तर हातातच असते. नुसते ‘आज रात्री’ लिहिलेली पोस्ट पुढच्या वर्षीही खरी वाटते.

राहिला तो लाल अक्षरांचा आणि उद्गारचिन्हांचा आग्रह, त्याशिवाय कुणी वाचत नाही म्हणे. पूर दारात येण्याची भीती असलेल्या माणसाचे लक्ष वेधून घ्यावे लागत नाही. आपल्या गावाचे नाव आणि वेळ पहिल्या ओळीत दिसली की तो शेवटपर्यंत वाचतो. धरणाच्या कोयनानगरहून निघणारी मूळ सूचनाच अशी असली, तर पुढे पाठवणाऱ्याला तिच्यात स्वतःचे अंदाज भरायला जागा उरत नाही.