'काया' अशुद्ध कसे?

आमच्या जळगाव-धुळ्याकडे अहिराणीत काळा म्हणजे 'काया', डोळा म्हणजे 'डोया'. शाळेत याला अशुद्ध म्हणतात. मी जन्मभर मास्तरकी केली, तरी मला हे पटत नाही. जीभ नुसती आळशी असती तर गालाचाही 'गाय' झाला असता! पण गाल गालच राहिला. कारण प्राकृतात 'काल'मध्ये एकेरी ल होता, 'गल्ल'मध्ये जोड ल. हिंदीत 'काला' आणि 'गाल', दोन्हीकडे ल; फरक पुसला गेला. अहिराणीने तो जपला. पूर्वजांचे शब्द अशाच बोली शेजारी-शेजारी ठेवून शोधतात. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० च्या फ्रेंच ग्रंथात मराठीची घडण अशीच उलगडली. तेव्हा मंडळी, नातवंडांच्या तोंडचा 'काया' खोडू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द, ती बोलतात तसेच, वहीत उतरवून ठेवा.