पंगतीचे अर्थकारण

थंडी पडली की पेण, रोहा, अलिबाग, माणगाव या पट्ट्यात शेतांच्या बांधांवर पोपट्या लागू लागतात. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरायचा आणि त्याच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालून त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, बटाटे, रताळी आणि ज्याला परवडेल त्याने अंडी वा कोंबडी रचायची. पाल्यानेच तोंड बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढ्याचा जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. शेंगा एकाच्या, मडके दुसऱ्याचे, सरपण तिसऱ्याचे, आणि खाणारे सगळेच. सहकाराचा कायदा होण्यापूर्वीपासून चालत आलेला हा सहकार आहे, आणि तो टिकला याचा आम्हाला आनंदच वाटतो.

मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. पोपटी बहुधा पुरुष लावतात. मोसमातल्या दोन-चार रात्रींच्या या स्वयंपाकाचे कौतुक वर्षभर पुरते. उरलेल्या सगळ्या रात्री चुलीपुढे जी बसते, तिच्या भाताला कोणी नावाजत नाही. मीठ कमी पडले तर मात्र आठवण होते.

अलीकडे अनेक व्यासपीठांवरून कुटुंबाने रात्रीचे जेवण एकत्र घ्यावे, घरचे अन्न खावे, असा उपदेश ऐकू येतो. तो चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. एका ताटाभोवती मुले बोलायला शिकतात, म्हातारी माणसे एकटी पडत नाहीत, आणि आठ माणसांचा स्वयंपाक एकत्र केला तर माणशी इंधन व श्रम कमी लागतात, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. आमचा आक्षेप उपदेशाच्या पत्त्याला आहे. एकत्र जेवण मोडल्याचा दोष मोबाइलला दिला जातो, दूरचित्रवाणीला दिला जातो, आणि आडवळणाने नोकरी करणाऱ्या बाईलाही दिला जातो. कामाच्या तासांचा उल्लेख मात्र कोणी करीत नाही.

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने पाळ्यांवर चालतात. ज्या घरातला कर्ता पुरुष एका आठवड्यात दुपारच्या आणि पुढच्या आठवड्यात रात्रपाळीला जातो, त्या घराची पंगत कधी आणि कशी बसायची? पेणच्या ज्या स्त्रिया पनवेल-नवी मुंबईकडे कामाला जातात, त्यांच्या परतीची वेळ गाडी ठरवते. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत मोसम जवळ आला की रात्रीही दिवे विझत नाहीत. अशा परिस्थितीत ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगण्यात आले. कंत्राटी कामगाराची संमती म्हणजे काय चीज असते, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बारा तास कारखान्यात आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा, असा दिवस काढणाऱ्या माणसाला कौटुंबिक भोजनाचे महत्त्व पटवून देणे ही निव्वळ थट्टा आहे.

आता चुलीच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. मुळात अशी कामे करणारे पुरुषच थोडे, हे ध्यानात घेतले म्हणजे तफावतीचे खरे स्वरूप कळते. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत. रोह्याशी ज्यांचे नाते, ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५४ साली, राष्ट्रीय उत्पन्न समितीचा अंतिम अहवाल आला. समितीवर महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासारखी मोठी माणसे होती; तरीही गृहिणीच्या श्रमाला त्या हिशेबात जागा मिळाली नाही. त्यांचा दोष नव्हे, जगभरची रीतच ती. खानावळवालीने परक्यासाठी थापलेली भाकरी उत्पन्नात जमा होते आणि त्याच तव्यावर तिने स्वतःच्या मुलासाठी थापलेली भाकरी होत नाही, ही विसंगती अर्थशास्त्राने इतकी वर्षे निमूटपणे पचवली आहे.

खानावळवालीचा उल्लेख सहज केलेला नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार घरदार गावी ठेवून गाळ्यांत राहत आणि एखाद्या बाईच्या खानावळीत जेवत. ही बाई किराणा उधारीवर आणी, सावकाराचे व्याज भरी आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत राबे. कामगार चळवळीच्या खतावणीत मात्र तिचे नाव नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून या स्त्रियांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवले. स्वयंपाक हा श्रम आहे, त्याला भांडवल लागते आणि तो करणारी कामगार आहे, हे या मंडळाने सिद्ध केले. १९८२ च्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा खानावळींचे कंबरडेही मोडले. गिरणी आणि चूल एकाच अर्थव्यवस्थेचे दोन भाग होते, हे त्या वेळी अनेकांना प्रथमच उमगले.

पापडाचे उदाहरण तर पेणकरांच्या दारातले आहे. उन्हाळ्यात आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशा रीतीने बायका एकमेकींचे पापड लाटीत. त्यातून धंदा उभा राहिला, पेणचा पापड दूरवर गेला. पण लाटणे बाईच्या हाती आणि नफा व्यापाऱ्याच्या हाती, अशी वाटणी झाली की अंगणातला सहकार मजुरीत रूपांतरित होतो. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतने लाटणारीलाच मालकीण केले. फरक मालकीचा आहे. १९७२ साली महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासमवेत हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, ते लाटणेही हेच.

सामुदायिक स्वयंपाकघर म्हटले की आपल्यातलेही काही जण बिचकतात. घर मोडेल, चव जाईल, असे म्हणतात. सोव्हिएत रशियाचा दाखला देतात. लेनिनने १९१९ साली सार्वजनिक भोजनगृहांना साम्यवादाचे अंकुर म्हटले होते. पुढे ती वरून हुकूम सोडून चालवली गेली, अन्नाची गोडी गेली आणि घरचे ओझे बाईच्याच खांद्यावर राहिले, ही टीका रास्त आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात भांडवलशाही ब्रिटननेही दोन हजारांवर सार्वजनिक भोजनगृहे चालवली, आणि त्याने तेथील घरे मोडली नाहीत. आम्ही घरची चूल विझवायला निघालेलो नाही. डाळ, भाजी, भाकरी वस्तीतल्या सहकारी स्वयंपाकघरातून रास्त दरात घरी आली, तर थकून आलेल्या बाईला ताटावर बसता येईल. घरातली एकत्र पंगत त्यानेच शक्य होईल.

मात्र या पंगतीत कोण बसणार, हा प्रश्न याच जिल्ह्याने एकदा रक्त सांडून विचारला आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या सत्याग्रहींवर सनातन्यांनी मंडपात चाल केली, तेव्हा काही जण जेवत होते. शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. आजही सहकारी स्वयंपाकघरात भाकरी थापणारे हात कोणाचे, यावरून कुजबूज होणार हे गृहीत धरूनच काम सुरू केले पाहिजे. पेण-रोह्याच्या डोंगरांतील कातकरी कुटुंबे वर्षाचा मोठा काळ वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर काढतात. त्यांची चूल तीन विटांची आणि उघड्यावरची. त्यांना वगळून होणारा सहकार हा शेजाऱ्यांचा क्लब ठरेल.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. शाळांत मुलांना शिजवलेले अन्न मिळते. पण ते शिजवणाऱ्या बाईला मिळते ते मानधन, वेतन नव्हे. मान आणि धन या दोहोंपैकी तिला नेमके काय मिळते, असा प्रश्न पडतो.

तेव्हा काय करायचे? फॅक्टरी कायद्यात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीनची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली आहे. या संहितांना आमचा विरोध कायम आहे. तथापि हे एक कलम कामगारांच्या उपयोगी पडणारे आहे. धाटावमधल्या कोणत्या कारखान्यांत शंभर कामगार आहेत, कॅन्टीन आहे काय, ते कोणत्या ठेकेदाराकडे आहे आणि स्वयंपाकिणीला किती पैसे मिळतात, याची पाहणी रोह्याच्या कार्यकर्त्यांनी करावी. ती कॅन्टीने स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडे द्यावीत, तेथून कामगारांना घरी नेण्यासाठी रात्रीचा डबा मिळावा आणि शिजवणाऱ्यांना किमान वेतन लागू व्हावे, अशी मागणी नोंदवावी. बारा तासांच्या निर्णयाविरुद्धच्या सभांत ही मागणी जोडूनच मांडावी. पेणला पापड लाटणाऱ्या स्त्रियांची नोंदणी करून संस्थेची जुळवाजुळव उन्हाळ्यापूर्वी व्हायला हवी, कारण मोसम सुरू झाल्यावर कोणालाच वेळ नसतो. आणि या सर्व कामासाठी ज्या बैठका होतील, त्यांच्या जेवणाची पाळी पुरुष कार्यकर्त्यांनी आपसात वाटून घ्यावी. पोपटी लावता येते, त्यांना भातही शिजवता येईल.