इंटरनेटची तार नेमकी कुठे तुटते?

मुंबईची लोकल बदलापूरपर्यंत येऊन कित्येक दशके लोटली. मुंबईचा दूरध्वनी मात्र तेथवर कधी पोहोचलाच नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांचा दूरध्वनी संकेतांक आजही कल्याणचा ०२५१ आहे, मुंबईचा ०२२ नाही. महानगर टेलिफोन निगमची हद्द ठाण्यापाशी संपली आणि त्यापुढची शहरे भारत संचार निगमच्या कल्याण विभागाकडे राहिली. रोजगारासाठी मुंबईशी बांधलेली ही शहरे दळणवळणाच्या सोयींबाबत मात्र मुंबईबाहेरच धरली गेली. घरोघरच्या संगणकांवर वरचेवर खंडित होणाऱ्या इंटरनेटचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो.

२०११च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांवर, तर कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्यानंतर, विशेषतः बदलापुरात, उभ्या राहिलेल्या वसाहती पाहता हे आकडे केव्हाच मागे पडले आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि इथल्या हजारो नोकरदारांच्या घरचा संगणक हेच त्यांचे कार्यालय ठरले. लोकल पूर्ववत झाली तरी घरून काम करण्याची पद्धत पुरती गेली नाही. उल्हासनगरच्या लहान व्यापाऱ्याला वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरायचे असते, विद्यार्थ्याला प्रवेशअर्ज अखेरच्या तारखेआधी पाठवायचा असतो. अशा वेळी दोन तास जोडणी नसणे म्हणजे एक दिवसाची रजा, दंड किंवा हुकलेला प्रवेश.

तथापि ‘नेट गेले’ या दोन शब्दांत आपण निदान चार-पाच वेगवेगळे बिघाड एकत्र कोंबतो. परिणामी तक्रार मोघम राहते, उत्तरही मोघम मिळते, आणि ‘राउटर बंद करून चालू करा’ या सल्ल्यावर प्रकरण मिटवले जाते.

घरातला दोष, बाहेरचा दोष

पहिला प्रश्न असा की दोष घरात आहे की दाराबाहेर? याचे उत्तर शोधण्यास तंत्रज्ञ लागत नाही. ऑप्टिकल फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरच्या पेटीवरील ‘एलओएस’ हा दिवा पाहावा. तो लाल झाला असेल तर प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचतच नाही. फायबर घरातच कपाटामागे दुमडली नसेल, तर दोष बाहेरचा आहे. तांब्याच्या जुन्या दूरध्वनी तारेवरील ब्रॉडबँडमध्ये ‘डीएसएल’चा दिवा सतत लुकलुकणे याचाही अर्थ बहुधा तोच.

दिवे ठीक असतील तर संगणक वाय-फायऐवजी केबलने थेट राउटरला जोडावा. त्यावर काम सुरळीत चालले, तर दोष वाय-फायचा. दाटीच्या वस्तीत हा दोष हमखास आढळतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन: १, ६ आणि ११. एकेका इमारतीत पंधरा-वीस राउटर याच तीन वाहिन्यांवर बोलू लागले की प्रत्येकाचा आवाज दुसऱ्यात मिसळतो. राउटर उघड्या जागी ठेवणे, वाहिनी बदलणे किंवा कमी पल्ल्याचा पण मोकळा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे हे त्यावरचे बिनखर्ची उपाय.

केबल लावूनही अडचण कायम राहिली, तर ‘पिंग’ ही संगणकातलीच आज्ञा कामी येते. प्रथम राउटरच्या पत्त्यावर पिंग करावे. अनेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. तेथूनच उत्तर येत नसेल तर तार, राउटर किंवा संगणक बिघडला आहे. राउटर उत्तर देतो, पण ८.८.८.८ यासारख्या बाहेरच्या पत्त्यावरून काहीच येत नाही, तर दोष सेवा देणाऱ्याच्या जाळ्यात शोधावा. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो आणि संकेतस्थळ मात्र नावाने उघडत नाही, तर नावाचे आकड्यात रूपांतर करणारी डीएनएस यंत्रणा अडलेली असते. राउटरमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता भरला की काम होते.

कधी दोष शहरातच काय, देशातही नसतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्याने तसेच घडले. देशातली संकेतस्थळे वेगाने उघडतात, परदेशी मात्र रखडतात, अशी त्याची खूण असते.

वेळेची वही

निदानाचे सर्वांत उपयोगी साधन मात्र साधी वही. जोडणी कोणत्या वेळी गेली, किती वेळ गेली, त्या वेळी पाऊस होता का, वीज गेली होती का, याची पंधरा दिवस नोंद ठेवली तर बिघाडाचा स्वभाव कळतो. रोज रात्री नऊ ते अकरा वेग मंदावत असेल, तर सेवादाराने आपल्या क्षमतेपेक्षा जास्त ग्राहक एका वाहिनीवर चढवले असण्याची शक्यता मोठी. पावसाच्या सरीबरोबर जोडणी जात असेल, तर कुठल्या तरी सांध्यात पाणी शिरते आहे. आपल्या घरी वीज असूनही जोडणी जात असेल, तर पलीकडच्या गल्लीतला स्विच विजेवाचून बंद पडला आहे.

हा शेवटचा दोष या पट्ट्यात विशेष महत्त्वाचा. तांब्याची इथरनेट तार एका टप्प्यात शंभर मीटरच जाऊ शकते. त्यापुढे न्यायची तर मध्ये स्विच लागतो आणि स्विचला वीज लागते. केबलचालकांनी गच्च्यांवरून, जिन्यांतून, कुणाच्या तरी घरच्या विजेवर हे स्विच बसवत जाळे वाढवले. आज फायबर आली असली तरी अखेरच्या टप्प्यात हे जुने दुवे बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. ग्राहकाने स्वतःच्या राउटरला छोटा यूपीएस लावला तरी वाटेतला एक स्विच विझला की त्याचा काही उपयोग उरत नाही.

भूगोलाचाही यात वाटा आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले उल्हासनगर अवघ्या तेरा चौरस किलोमीटरमध्ये दाटले आहे. तेथे तार टाकायला डोक्यावरचे आकाश तेवढे मोकळे. बदलापूर उल्हास नदीकाठी पसरले. २००५, २०१९ आणि २०२१ च्या जुलैमधील पुरांनी सखल भागात तळमजल्यावर बसवलेली कोणतीही विद्युत पेटी किती असुरक्षित असते हे दाखवून दिले. अंबरनाथमधून जाणाऱ्या कल्याण-बदलापूर रस्त्यासारखे मार्ग रुंदीकरणासाठी आणि काँक्रीटसाठी खोदले जातात, तेव्हा जमिनीखालच्या फायबरवर कुदळ पडण्याची भीती असते. खोदण्याआधी केबलमालकांना कळवता यावे यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले. रस्ता खोदण्याची परवानगी देताना स्थानिक संस्थेने त्यावरील नोंदीची खातरजमा केली, तरच त्या ॲपला अर्थ आहे.

तक्रार कोणाकडे?

दोष बाहेरचा ठरला की खरा पेच सुरू होतो. महिन्याचे पैसे नेणारा स्थानिक चालक असतो, परवाना दुसऱ्याच कंपनीचा असतो, खांब महावितरणचा किंवा पालिकेचा आणि गच्ची सोसायटीची. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. प्रत्यक्षात सेवेची जबाबदारी परवानाधारकाची आहे. म्हणूनच पावतीवर परवानाधारक कंपनीचे नाव आहे की नाही, हे जोडणी घेतानाच पाहिले पाहिजे.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. मात्र त्याच्या २०१२च्या विनियमाने दोन पायऱ्या आखून दिल्या आहेत. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यायचा. समाधान न झाल्यास तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचे. त्याने ३९ दिवसांत निकाल द्यावा, असे बंधन आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-दर्जाच्या विनियमात बिघाड तीन दिवसांहून अधिक रेंगाळल्यास ग्राहकाला भाड्यात सवलत देण्याची तरतूद आहे. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात असा निर्वाळा दिला. त्याआधी २००९च्या एका निकालामुळे ही वाट जवळपास बंद झाली होती.

या सर्व हक्कांचा आधार एकच: नोंदवलेली तक्रार. ‘भाऊ, नेट गेलंय, जरा बघ ना’ असा चालकाला केलेला फोन माणुसकीच्या दृष्टीने कितीही सोयीचा असला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो झालेलाच नसतो. तक्रार क्रमांक नसेल तर बिघाडाचे तीन दिवस कुठून मोजायचे हेच ठरत नाही. वही आणि तक्रार क्रमांक ही दोन कागदे हाती असलेला ग्राहक आणि नुसता वैतागलेला ग्राहक यांत मोठा फरक आहे.

ग्राहकाने एवढे केल्यावर उरलेले काम सार्वजनिक यंत्रणांचे. उल्हासनगर महापालिका आणि शेजारच्या दोन्ही शहरांच्या स्थानिक संस्था लोंबत्या तारांकडे बव्हंशी विद्रूपीकरण म्हणून पाहतात आणि अधूनमधून कापण्याची मोहीम काढतात. त्याऐवजी खांबनिहाय नोंदणी, तारेवर मालकाच्या नावाची पट्टी आणि रस्ता बांधतानाच केबलसाठी नळी, ही तीन कामे केली तर तार कुणाची आणि दुरुस्ती कुणाची हे प्रश्नच उरणार नाहीत. गृहनिर्माण संस्थांनीही गच्ची वापरू देताना सामायिक पेटीला अखंड वीजपुरवठा करण्याची लेखी अट घालावी. पाणी आणि वीज यांच्यासाठी या शहरांतील नागरिकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आहेत. इंटरनेट त्याच पंक्तीला येऊन बसले आहे; त्याच्या खंडित होण्याचा जाब मात्र अजून कुणाला विचारला जात नाही.