समुपदेशन हवे, पण वाटाघाटींच्या बदल्यात नव्हे



‘समुपदेशन’ आणि ‘कोचिंग’ हे शब्द आता कामगारांच्या कानावर वारंवार पडतात. तक्रार चिघळण्याआधी माणसाशी बोलावे, चुकणाऱ्याला शिक्षेऐवजी शिकवावे, म्हणजे संबंध सलोख्याचे राहतात, असे सांगितले जाते. या विचाराला आमचा विरोध नाही. रात्रपाळी, कर्ज, दारू, घरातले दुःख यांनी खचलेल्या माणसाचे कोणी ऐकून घेत असेल तर ते चांगलेच. आमचा प्रश्न एवढाच की, ऐकणारा कोण, आणि ऐकलेले पुढे जाते कोठे?

तामिळनाडूतील कुंभकोणमचे उदाहरण घ्या. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचे हे जन्मगाव, म्हणून मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. तेथे राज्य परिवहनाच्या एका महामंडळाचे मुख्यालय आहे. १९७२ साली ‘चोलन रोडवेज’ या नावाने ते सुरू झाले. जानेवारी २०१८ मध्ये तामिळनाडूच्या परिवहन कामगारांनी राज्यभर सुमारे आठवडाभर संप केला. वाद कशाचा होता? पगारवाढीसाठी संघटना २.५७ हा गुणक मागत होत्या, सरकार २.४४ वर अडले होते. निवृत्तांची देणीही थकली होती. थकलेल्या चालकाला समुपदेशकाने धीर दिला असता. पण या दोन आकड्यांतले अंतर कोणताही समुपदेशक बुजवू शकत नव्हता. अखेर मद्रास उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायाधीशांना लवाद नेमले, तेव्हा संप मिटला. मनाचे दुखणे वेगळे, हक्काचे देणे वेगळे.

हे दोन्ही एकत्र केले की काय होते, ते अमेरिकेत दिसले. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३६ साली समुपदेशनाची मोठी योजना सुरू झाली. समुपदेशक कामगारांचे मनापासून ऐकत, गुप्तताही पाळत. मात्र तक्रार दूर करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मन हलके होई, तक्रार जागच्या जागी राही. १९५६ मध्ये ती योजना गुंडाळली गेली.

आपल्या रेल्वेत तर आणखी एक अडचण आहे. लोको इन्स्पेक्टर लोको पायलटांचे काउन्सेलिंग करतात, आणि त्यांची अ, ब, क अशी प्रतवारीही तेच ठरवतात. ‘साहेब, विश्रांती पुरत नाही, डोळा लागतो,’ हे सत्य प्रतवारी करणाऱ्यासमोर कोण बोलेल? दोष त्या इन्स्पेक्टरचा नाही, व्यवस्थेचा आहे.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. एक, समुपदेशक प्रशासनाच्या साखळीबाहेरचा असावा आणि त्याच्यापाशी बोललेला शब्द सेवापुस्तकात किंवा चार्जशीटमध्ये येऊ नये. तक्रार केल्याबद्दल कामगाराचे नुकसान होता कामा नये, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीतच सांगून ठेवले आहे. दोन, समुपदेशन ऐच्छिक असावे, त्याचा वेळ ड्युटीत धरावा. तीन, एकच तक्रार दहा जणांच्या तोंडून आली, तर तिला दहा जणांच्या मनाचा दोष समजू नये. नावे वगळून ती बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणावी. रिकामी पदे आणि न मिळणारी विश्रांती यांना समुपदेशनाचे औषध नाही. चार, कोचिंग म्हणजे शिकवणे. जुना लोको पायलट नव्याला सेक्शन दाखवतो, जुना सॉर्टर नव्याला बीट समजावतो, ते खरे कोचिंग. त्यासाठी दोघांनाही वेळ द्यावा. शिकवायला वेळ न देता चुकीचा जाब मात्र विचारायचा, हे आम्हाला मान्य नाही.

शाखा पदाधिकाऱ्यांनाही दोन शब्द. अडचणीतल्या सहकाऱ्याची चेष्टा होऊ देऊ नका. समुपदेशकाकडे जाणे हा कमीपणा नव्हे, हे त्याला सांगा, आणि गरज पडली तर सोबत जा.

रेल्वेत १९५२ पासून कायम वाटाघाटी यंत्रणा आहे, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लढ्याने मिळालेले हे टेबल आहे. समुपदेशनाची खुर्ची त्याच्या शेजारी जरूर मांडा. पण टेबल हलवू देणार नाही.